नॉर्मनचं मैदान: ओक्लाहोमा विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघाचं प्रकरण

अमेरिकेत विद्यापीठांच्या महिला सॉफ्टबॉलमध्ये सलग चार वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा संघ एकच आहे. नॉर्मन शहरातल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मुलींनी २०२१ ते २०२४ या काळात ते केलं. एकूण विजेतेपदं आठ: २०००, २०१३, २०१६, २०१७ आणि ही चार. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण या संघाचा इतिहास विजेतेपदांच्या यादीतून वाचला तर महत्त्वाचं ते हातून निसटतं. तो मैदानाच्या अंगाने वाचावा असं माझं मत आहे. संघ कुठे खेळत होता, ती जागा कोणाची होती, स्वतःची जागा कधी मिळाली आणि ती मिळण्याआधी मुलींना काय सिद्ध करावं लागलं, या प्रश्नांतून हे प्रकरण उलगडतं.

आधी खेळाविषयी थोडं. आपल्याकडे शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांमुळे सॉफ्टबॉलचं नाव माहीत असतं, सामना पाहिलेले मात्र कमी. चेंडूचा घेर १२ इंच, बेसबॉलच्या चेंडूपेक्षा मोठा. फेक खांद्याच्या खालून. सामना सात डावांचा. नाव मऊ असलं तरी चेंडू मऊ नसतो. विद्यापीठ पातळीवर पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते आणि चांगल्या पिचरचा वेग ताशी ११० किलोमीटरपर्यंत जातो. फेकताना ती पुढे झेपावते, त्यामुळे खरं अंतर आणखी कमी होतं. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटरपर्यंत पोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतात. बेसबॉलमध्ये वेग जास्त असतो पण अंतर साठ फुटांच्या वर, त्यामुळे बॅटरला मिळणारा वेळ जवळपास तेवढाच. हा मुलींसाठी सोपा केलेला बेसबॉल आहे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या ४३ फुटांवर बॅट घेऊन उभं राहून पाहावं.

कायदा आला, मैदान आलं नाही

ओक्लाहोमात महिला सॉफ्टबॉल संघ सुरू झाला तो १९७० च्या दशकाच्या मध्यात. काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हे कलम आलं. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला विद्यार्थ्यांमध्ये लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, हे त्याचं सार. त्याच्या मजकुरात खेळांचा मुद्दाम उल्लेख नव्हता, पण सर्वांत मोठी खळबळ उडाली ती खेळाच्या मैदानांवरच. अमेरिकन फुटबॉलचा संघ म्हणजे शंभरावर मुलं, आणि पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा पुढे कमी होऊनही २०२५ पर्यंत ८५ होती. एवढा मोठा संघ फक्त मुलांचा असेल तर दुसऱ्या पारड्यात काहीतरी टाकणं भागच होतं. अनेक विद्यापीठांत महिलांचे संघ उभे राहिले त्यामागे खेळाविषयीच्या प्रेमाइतकंच हे गणितही होतं.

महिलांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरुवातीला एआयएडब्ल्यू ही महिलांचीच संघटना भरवत असे. पुरुषांच्या स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएएने १९८१-८२ पासून महिलांची विजेतेपदं आपल्या छत्राखाली घेतली आणि एआयएडब्ल्यू लवकरच बंद पडली. १९८२ साली एनसीएएचं पहिलं सॉफ्टबॉल विजेतेपद लॉस एंजलिसच्या यूसीएलएने जिंकलं. १९८८ पासून १९९९ पर्यंत तर विजेता नेहमी कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनातलाच. यात गूढ काही नाही. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. लॉस एंजलिस आणि ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये तेव्हा मुली उन्हात सराव करत असतात, ओक्लाहोमात बोचरे वारे असतात. शिवाय दक्षिण कॅलिफोर्नियात लहान मुलींच्या क्लब संघांचं दाट जाळं होतं. तिथली मुलगी विद्यापीठात येईपर्यंत शेकडो सामने खेळून तयार झालेली असे.

ओक्लाहोमाचा संघ या काळात खेळत होता रीव्ह्ज पार्कमध्ये. हा नॉर्मन शहराचा सार्वजनिक पार्क. तिथे सहली यायच्या, हौशी लोकांचे संघ खेळायचे, आणि विद्यापीठाचा राष्ट्रीय पातळीवरचा संघही तिथेच. सरावाआधी मैदानावरचा कचरा उचलणं हा संघाच्या दिनक्रमाचा भाग होता. सार्वजनिक मैदानावर खेळण्यात कमीपणा काय, असं आपल्याला वाटेल. शिवाजी पार्कात एकाच वेळी डझनभर संघ एकमेकांच्या हद्दीत घुसून खेळतात आणि त्यातूनच मोठे खेळाडू निघाले. फरक असा की नॉर्मनमध्ये त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं भलंमोठं स्टेडियम होतं, आज त्यात ८० हजारांवर माणसं बसतात. फुटबॉलची गोष्ट सोडा, पुरुषांच्या बेसबॉल संघालाही १९८२ मध्ये एल. डेल मिचेल पार्क हे मैदान मिळालं. सॉफ्टबॉलला स्वतःचं मैदान मिळालं १९९८ मध्ये. बेसबॉलनंतर १६ वर्षांनी, कायद्यानंतर २६ वर्षांनी.

म्हणजे संघ होता, शिष्यवृत्त्या होत्या, प्रशिक्षक होते. कागद तपासणाऱ्याला समाधान वाटावं एवढं सगळं होतं. जागा नव्हती.

पॅटी गॅसो

१९९५ च्या हंगामासाठी विद्यापीठाने पॅटी गॅसो यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं. त्या आल्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच सिटी कॉलेजमधून. हे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं कॉलेज, विद्यापीठांच्या वरच्या वर्तुळाबाहेरचं. तोवर गॅसोंनी मोठ्या विद्यापीठाचा संघ हाताळला नव्हता. पण त्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती: चांगल्या मुली कुठे तयार होतात. तेव्हापासून त्यांच्या संघाची एनसीएए स्पर्धेत वर्णी लागली नाही असं एकही पूर्ण झालेलं वर्ष नाही. कोविडमुळे २०२० चा हंगाम मध्येच थांबला, तेवढाच अपवाद.

१९९८ मध्ये जे मैदान उभं राहिलं त्याला नाव दिलं मॅरिटा हाइन्स यांचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ८० च्या सुरुवातीला त्या या संघाच्या प्रशिक्षक होत्या, पुढे विद्यापीठाच्या क्रीडा प्रशासनात गेल्या. आसनं दीड हजाराच्या आसपास. फुटबॉलशी तुलना केली तर हसू येईल, पण त्याला कुंपण होतं, ते संघाचं होतं, आणि संध्याकाळी दुसरं कोणी खेळायला येणार नव्हतं. दोन वर्षांनी, २००० मध्ये, हा संघ एनसीएएच्या काळात पहिल्यांदाच अंतिम टप्प्याला, म्हणजे ‘विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज’ला, पोचला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. अंतिम सामन्यात समोर यूसीएलए, निकाल ३-१. जेनिफर स्ट्युअर्ट या पिचरच्या जोरावर कॅलिफोर्निया-ॲरिझोनाची मक्तेदारी तुटली.

इथे थांबलो तर गोष्ट फारच सरळ होते: मैदान दिलं, दोन वर्षांत विजेतेपद आलं. क्रीडा संचालकांच्या परिषदेत दाखवायला झकास. पण पुढची वर्षं त्यात बसत नाहीत. त्याच मैदानावर, त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली, दुसरं विजेतेपद यायला १३ वर्षं गेली. २००५ ते २०१० या सहा वर्षांत तर संघ अंतिम टप्प्यापर्यंतही पोचला नाही. नव्या मैदानाने सामने जिंकून दिले असतील तर मधल्या काळात त्याच मैदानाला काय झालं होतं?

मैदानाने केलं ते एवढंच, की सतरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना घेऊन येता येईल, दाखवता येईल अशी एक जागा तयार झाली. भरती हा या खेळाचा अर्धा सामना असतो. जी मुलगी यूसीएलएलाही जाऊ शकते तिला सार्वजनिक पार्कात उभं करून ‘इथे ये’ म्हणणं अवघडच. बाकीचं काम माणसांनी केलं आणि त्याला वेळ लागला.

जवळचं शहर

एका गोष्टीकडे या संघाचे चाहते सहसा लक्ष देत नाहीत आणि विरोधक हटकून देतात. नॉर्मनपासून साधारण ३० किलोमीटरवर ओक्लाहोमा सिटी आहे. अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय तिथे, आणि तिथल्या स्टेडियममध्ये १९९० पासून ही वर्ल्ड सिरीज भरते, अपवाद फक्त १९९६ चा. त्याआधी ती नेब्रास्कातल्या ओमाहात आणि नंतर दोन वर्षं कॅलिफोर्नियात होत असे. म्हणजे ओक्लाहोमाचा संघ अंतिम टप्प्याला पोचला की त्याला जवळपास घरच्या प्रेक्षकांसमोर खेळायला मिळतं. हा फायदा नाही असं म्हणणं बालिशपणाचं ठरेल. पण १९९० च्या दशकात, १९९६ वगळता, दरवर्षी ही स्पर्धा तासाभराच्या अंतरात होत असताना ओक्लाहोमाचा संघ तिथे एकदाही खेळला नाही, हेही तितकंच खरं.

जवळच्या शहराचा खरा उपयोग वेगळा झाला असावा. दरवर्षी देशातल्या सर्वांत चांगल्या आठ संघांचा खेळ पाहून ओक्लाहोमातल्या लोकांना सॉफ्टबॉल कळू लागला. स्पर्धा आली की घरचा संघ नसतानाही तिकिटं काढणारी माणसं तयार झाली. संघ पुढे जिंकायला लागला तेव्हा त्याच्या आधी प्रेक्षक हजर होते. बहुतेक महिला संघांच्या नशिबी याच्या उलट क्रम येतो.

धावांचा पूर

२०१२ च्या तीन सामन्यांच्या अंतिम फेरीत अलाबामाने ओक्लाहोमाला २-१ असं हरवलं. पिचर केलानी रिकेट्स आणि बॅटर लॉरेन चेंबरलेन या दोघी पुढच्या वर्षी परत आल्या. २०१३ मध्ये टेनेसीविरुद्धचा अंतिम फेरीचा पहिला सामना १२ डावांपर्यंत लांबला, चेंबरलेनच्या होमरनने, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार टोलावणाऱ्या फटक्याने, तो संपवला आणि दुसरा सामना ओक्लाहोमाने ४-० ने घेतला. चेंबरलेनने कारकिर्दीत ९५ होमरन मारले, तो तेव्हाचा विक्रम. २०१६ ला अंतिम फेरीत ऑबर्नला हरवलं, २०१७ ला फ्लोरिडाला. फ्लोरिडाविरुद्धचा पहिला सामना १७ डावांचा झाला. सात डावांच्या खेळात सतरा, म्हणजे जवळजवळ अडीच सामने एका बैठकीत.

या टप्प्यावर संघाची ओळख बदलली. सॉफ्टबॉल हा परंपरेने पिचरचा खेळ. एक जबरदस्त पिचर, १-० किंवा २-१ असे निकाल. ओक्लाहोमाने बॅटिंगवर जोर दिला. फलंदाजीचं काम गॅसोंचा मुलगा जेटी गॅसो पाहतो. २०२१ च्या संघाने एका हंगामात १६१ होमरन मारले, हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. हवाईहून आलेल्या जोसलिन आलोने चेंबरलेनचा विक्रम ११ मार्च २०२२ ला मोडला, तोही योगायोगाने होनोलुलूत, आपल्या माणसांसमोर. ती थांबली १२२ वर.

२०२१ चं विजेतेपद सर्वांत अवघड होतं असं मी म्हणेन. पहिल्याच सामन्यात व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन या विद्यापीठाने त्यांना आठ डावांत ४-३ असं हरवलं. या स्पर्धेत अंतिम फेरीआधी दोन हरले की घरी. म्हणजे पहिल्याच दिवसापासून दोरी गळ्याशी. तिथून चार सामने जिंकून अंतिम फेरी, आणि तीन सामन्यांच्या त्या फेरीतही फ्लोरिडा स्टेटविरुद्ध पहिला सामना हरून पुढचे दोन जिंकले. जिझेल हुआरेझ या पिचरने ते ओढून नेलं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. वर्ल्ड सिरीजच्या प्रक्षेपणाला सरासरी सुमारे १२ लाख प्रेक्षक मिळाले, विद्यापीठांच्या पुरुष बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजपेक्षा स्पष्टपणे जास्त. आणि त्याच स्पर्धेत मुलींचे सामने एका दिवसात दोन-दोन लावले गेले, एक सामना मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होऊन दोन वाजून गेल्यावर संपला. पुरुषांच्या स्पर्धेत मध्ये विश्रांतीचे दिवस असत. गॅसो हे उघडपणे बोलल्या आणि बोलताना विजेत्या होत्या, त्यामुळे ऐकलं गेलं. पुढच्या वर्षीपासून वेळापत्रक सैल झालं. तेच बोलणं एखाद्या पहिल्या फेरीत हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने केलं असतं तर रडगाणं ठरलं असतं. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. कायद्याने १९७२ मध्ये सरसकट दिलेला हक्क प्रत्यक्षात विजेत्यांच्या हातात आधी पडतो.

२०२२ मध्ये ५९ विजय आणि ३ पराभव. २०२३ मध्ये ६१ विजय आणि १ पराभव. तो एक पराभव १९ फेब्रुवारीला बेलर विद्यापीठाविरुद्ध ४-३ असा. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत सलग ५३ विजय. ॲरिझोनाचा ४७ सलग विजयांचा विक्रम १९९६-९७ पासून अबाधित होता, तो मागे पडला.

चार कोटी ऐंशी लाख डॉलर

आता नव्या मैदानाकडे. मॅरिटा हाइन्स मैदान केव्हाच अपुरं पडू लागलं होतं. नव्या स्टेडियमचा खर्च आखणीपासून उभारणीपर्यंत वाढत वाढत सुमारे ४.८ कोटी डॉलरवर गेला. त्यात १.२ कोटी डॉलरची देणगी लव्ह कुटुंबाची. टॉम आणि ज्युडी लव्ह यांनी १९६४ मध्ये ओक्लाहोमातल्या वाटोंगा गावी एका पेट्रोल पंपापासून धंदा सुरू केला आणि पुढे देशभर महामार्गांवर त्यांचे पंप-विश्रांतीथांबे पसरले. स्टेडियमला नाव ‘लव्हज फील्ड’, आसनं ४,२००, सोबत आत छपराखाली सराव करण्याची सोय. १ मार्च २०२४ ला ते सुरू झालं.

३ मार्चला संघ तिथे हरला. लुइझियाना विद्यापीठाने आठ डावांत ७-५ असं हरवलं आणि मागच्या वर्षापासून चालत आलेली ७१ सलग विजयांची मालिका कोऱ्या करकरीत मैदानावर उद्घाटनाच्याच आठवड्यात संपली. जूनमध्ये टेक्ससला ८-३ आणि ८-४ असं हरवून त्यांनी चौथं सलग विजेतेपद घेतलंच. टियारे जेनिंग्ज, जेडा कोलमन, किन्झी हॅन्सन अशा काही मुली चारही वर्षं संघात होत्या. चार वर्षांत चार विजेतेपदं घेऊन त्या बाहेर पडल्या.

लुइझियानाच्या प्रशिक्षकाचं नाव जेरी ग्लास्को. ते त्याच वर्षी टेक्सस टेकला गेले. त्याच उन्हाळ्यात निजारी कनेडी ही देशातली सर्वोत्तम मानली जाणारी पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला आली, आणि वृत्तांनुसार तिचा करार दहा लाख डॉलरच्या वर होता. २०२१ पासून विद्यापीठातल्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आहे, आणि संघ बदलणंही पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालं आहे. ओक्लाहोमालाही याचा फायदा आणि फटका दोन्ही बसले. २०२२ आणि २०२३ ची विजेतेपदं मिळवून देणारी जॉर्डी बॉल ही पिचर २०२३ नंतर आपल्या राज्यात, नेब्रास्काला, निघून गेली.

२०२४ च्या जुलैत ओक्लाहोमाने साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात प्रवेश केला आणि पहिल्याच, २०२५ च्या, हंगामात गटाच्या नियमित हंगामाचं विजेतेपद घेतलं. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या उपांत्य फेरीत समोर टेक्सस टेक. पिचर कनेडी, प्रशिक्षक ग्लास्को. शेवटच्या डावात ओक्लाहोमाने २-२ अशी बरोबरी साधली, पण टेक्सस टेकने उत्तरार्धात एक धाव काढून ३-२ असा सामना संपवला. पाचवं सलग विजेतेपद हुकलं. ते टेक्ससने घेतलं.

तीस वर्षं ज्या क्रमाने गोष्टी घडल्या तो क्रम आता चालणार नाही, असं मला यातून दिसतं. आधी जिंका, मग जागा मागा, मग देणगीदार शोधा, अशी ती वाट होती. १९९५ साली सार्वजनिक पार्कात उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला ती निदान चालता येत होती. आता एखादं विद्यापीठ मुद्दाम पैसा ओतून एका उन्हाळ्यात संघ उभा करू शकतं. महिलांच्या खेळावर कोणी दहा लाख डॉलर लावतो, याचा आनंद व्हायला हरकत नाही. मात्र २०२५-२६ पासून नव्या नियमांनी सॉफ्टबॉलच्या संघात कमाल २५ खेळाडू ठरवले आहेत आणि शिष्यवृत्त्यांची जुनी १२ ची मर्यादा काढली आहे. मोठी विद्यापीठं आता पंचविसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. जेम्स मॅडिसनसारख्या संघाने अशा स्पर्धेत पुन्हा कधी धक्का द्यावा, ही शक्यता त्यामुळे आणखी आकसली आहे.

आणि जागेचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. २०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजलिसमध्ये आहे, पण त्यातलं सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत होणार आहे. खेळाडूंना सुमारे दोन हजार किलोमीटर आत, दुसऱ्या राज्यात जावं लागेल. कारण व्यवहाराचं आहे: १३ हजार प्रेक्षकांचं, फक्त सॉफ्टबॉलसाठी बांधलेलं तयार स्टेडियम तिथे आहे. ज्या कॅलिफोर्नियाने या खेळाला सर्वांत जास्त खेळाडू आणि सुरुवातीची बरीचशी विजेतेपदं दिली, तिथे तेवढं मोठं मैदान कोणी बांधलंच नाही.